बॅचलर म्हणजे कोण

शुक्रवार, १ फेब्रुवारी २००२

झाले मी सेक्रेटरी! कोणी विचारलंसुद्धा नाही. वासुदेवकाकांच्या हॉलमध्ये बिल्डिंग कमिटीची मीटिंग, मी आत कपांत चहा ओतत होते, तर काकांची हाक — "मुग्धा, तुझं इंग्लिश चांगलं, अरबीही वाचतेस. ये, लिहून घे."

कमिटी म्हणजे तिघंच. वासुदेवकाका अध्यक्ष, कारण या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत आधी तेच आले. चौथ्या मजल्यावरच्या शहरबानू आंटी, हैदराबादच्या, शाळेत शिकवतात. आणि आमचे बाबा. मत तिघांना. मला फक्त पेन.

विषय दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांचा. दोन खोल्यांत नऊजण, पलंगावर पलंग. दारापुढे चपलांचा ढीग. आंटी म्हणाल्या, "लड़के शरीफ हैं, झूठ क्यों बोलूँ. मगर लिफ्ट खुले और अंदर छे मर्द खड़े हों, तो मैं सीढ़ी से जाती हूँ. मेरे घुटनों का भी सोचो!"

मालकाच्या ऑफिसातला हारुन मुद्दाम आला होता. म्हणाला, बलदियावाले, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीचे लोक, हल्ली फॅमिली बिल्डिंगमध्ये बॅचलर शोधत फिरतात, दंड मालकाला बसतो. "आप लोग रूल बनाओ, मैं कॉन्ट्रॅक्ट में डालता हूँ. खलास."

ठरलं — या बिल्डिंगमध्ये बॅचलर राहणार नाहीत. पुढच्या शुक्रवारी नीट लिहून आणायचं काम माझं.

रविवार, ३ फेब्रुवारी

डोकं शिणलं. बॅचलर म्हणजे कोण? शब्दकोशात लग्न न झालेला. इथे दुबईत एकटा राहणारा प्रत्येक पुरुष बॅचलर — घरी चार मुलं असली तरी. त्या नऊजणांतल्या चौघांची लग्नं झाली आहेत. आणि नुसतं 'बॅचलर' लिहिलं, तर हारुन त्याला नको असेल त्याला काढणार, हवा त्याला ठेवणार. ते बरं नाही.

मला शाळेत जागा मिळाली तिसरीत. तोवर बाबांनीच घरी शिकवलं, रोज ऑफिसातून आल्यावर, जेवणाच्या टेबलावर. गणित चुकलं तर चालायचं, पण उत्तराखाली 'अंदाजे' लिहिलेलं चालायचं नाही. ती सवय अजून सुटत नाही.

शेवटी असं लिहिलं — ज्या पुरुषाची पत्नी, मुलं किंवा आईवडील यांपैकी कोणीही त्याच्याबरोबर त्याच फ्लॅटमध्ये राहत नाही, तो बॅचलर.

बाबांना दाखवलं. दोनदा वाचलं त्यांनी. "कुणाला पळवाट नाही ठेवलीस," म्हणाले. फार बरं वाटलं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

एकमताने मंजूर! वासुदेवकाका म्हणाले, "वकील व्हायची तू, उगाच बी.कॉम. करत बसलीस."

शनिवार, १६ फेब्रुवारी

मुलं गेली. हारुननं आठवड्याची मुदत दिली होती. मी ट्यूशनहून येत होते, तर गाद्या गुंडाळून खाली उभी. एकानं लिफ्टचं दार माझ्यासाठी धरून ठेवलं. "जाइए दीदी, हमारा तो टाइम लगेगा." नियम मी लिहिला हे त्याला माहीत नव्हतं. मी थँक्यू म्हटलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

पण नियम सर्वांना सारखा आहे. तेवढं तरी.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आज दौलतकाकांनी जिन्यात थांबवलं. समोरच्याच दारातले आमचे. "मुग्धा, हारुन म्हणतो मी बॅचलर आहे. खरं का गं?" हसत होते. मलाही वाटलं थट्टाच आहे.

थट्टा नव्हती. त्यांचा करार मार्चच्या मध्यावर संपतो आणि हारुन नवा करायला तयार नाही. कुंदाकाकू मुलांना घेऊन गेल्या जूनमध्ये सांगलीला गेल्या, अथर्वची दहावी तिकडे करायची म्हणून. मेमध्ये सगळे परत येणार. पण सहा महिन्यांवर बाहेर राहिल्यानं त्यांचे व्हिसे रद्द झाले, ते नव्यानं काढायला दौलतकाकांच्या नावावर घराचा करार लागतो. करार नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर येणं नाही. दुसरं घर घ्यायचं तर वर्षाच्या भाड्याचे चेक आधी द्यायचे.

व्याख्या लिहिताना मला दौलतकाका एकदाही आठवले नाहीत! लहानपणापासून त्यांच्या घरात जेवले आहे मी. कुंदाकाकू परत येणार हे इतकं धरून चालले होते, की त्या आत्ता इथे नाहीत हेच विसरले.

बुधवार, २० फेब्रुवारी

हारुनला फोन केला. म्हणाला, "मॅडम, मैं क्या करूँ? आपने इतना साफ लिखा है, बीच का रास्ता ही नहीं छोड़ा."

त्याला ते घर वाढीव भाड्यानं द्यायचंय, हे आवाजातच कळत होतं. तरी तो म्हणाला ते खोटं नव्हतं.

रविवार, २४ फेब्रुवारी

दुरुस्ती लिहिली. मुलांचं शिक्षण, बाळंतपण किंवा आजारपण यासाठी कुटुंब गावी गेलं असेल, तर एक वर्षापर्यंत त्या माणसाला फॅमिलीच समजावं. आधी आंटींना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "पहले क्यों नहीं लिखा, पगली?" वासुदेवकाका म्हणाले, मीटिंगमध्ये बघू. म्हणजे नाही.

बाबांना दाखवायला हॉलमध्ये थांबले. उशिरा आले, पान वाढायला नको म्हणाले, सरळ झोपायला गेले. काळजी नाही. बाबा आपलेच आहेत.

शुक्रवार, १ मार्च

मी दुरुस्ती वाचली.

वासुदेवकाका म्हणाले, "आज दौलतरावांसाठी, उद्या अजून कुणासाठी. सगळ्यांच्याच बायका बाळंतपणाला जातात." आंटी म्हणाल्या, "तो जाने दो ना! बच्चे सब आपके जैसे आसमान से टपकते हैं क्या?" सगळे हसले, काकाही.

मग हात. आंटींचा वर. काकांचा नाही. सगळे बाबांकडे बघायला लागले.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हात मांडीवरच. "महिन्याच्या आत नियम वाकवायचा, तर केला कशाला?"

दौलतकाका दाराशी उभे होते. "ठीक आहे, ठीक आहे," म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी चपला घालून गेले.

शनिवार, २ मार्च

बाबांशी बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं का, तेही कळलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

कुंदाकाकूंचा फोन आला होता, आईनं घेतला. काकू माझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं. मग त्यांच्या सान्वीनं फोन ओढून घेतला आणि मला मागितलं. "मुग्धाताई, आर वी कमिंग ऑर नॉट? नोबडी टेल्स मी एनिथिंग!" मी म्हटलं, इन्शाल्ला. नऊ वर्षांच्या मुलीला काय सांगणार? पण इन्शाल्ला म्हणजे इथे बहुतेक वेळा नाहीच असतं, आणि ते तिलाही माहीत आहे.

बाबांना रात्री एवढंच म्हटलं — तुम्ही हात वर केला असता तर दोन महिन्यांचा प्रश्न होता. ते म्हणाले, "मला नाही करता आला." नाही केला म्हणाले नाहीत. नाही करता आला! असं कसं? हात तर होता.

शुक्रवार, १५ मार्च

दौलतकाका गेले. शहराबाहेर सोनापूरला, कंपनीच्या कॅम्पमध्ये, खोलीत सहाजण. फ्रिज आणि सोफा कोणा ओळखीच्याकडे ठेवला. निरोप घ्यायला आले तेव्हा आईनं साबुदाण्याची खिचडी केली होती, उभ्याउभ्याच खाल्ली.

"दोन पोरांचा बाप, आणि या वयात बॅचलर झालो!" म्हणाले. "माझ्या आईला कळलं तर पुन्हा स्थळं बघायला लागेल." आई हसली, मग पदर लावला डोळ्यांना.

मी म्हटलं, काका, माझं चुकलं. ते म्हणाले, "तू बरोबरच लिहिलंस गं. लागूच पडतं मला. कुणी खोटं लिहिलं असतं तर भांडलो तरी असतो."

बाबा खालपर्यंत सामान पोचवायला गेले. टीव्ही स्वतः उचलला. पिकअप गेल्यावर बराच वेळ खालीच उभे होते, मी गॅलरीतून बघितलं. इतकं वाईट वाटत होतं, तर मग हात का नाही?

सोमवार, ८ एप्रिल

समोर नवीन कुटुंब आलं. लखनौचे. छोटं बाळ आहे, दिवसभर रडतं. लिफ्टमध्ये आता गर्दी नसते. आंटी गुडघ्यांसाठी खूश आहेत आणि त्याबद्दल स्वतःवर रागावलेल्याही.

शनिवार, १३ एप्रिल

आईनं कपाटाच्या वरून मोठ्या बॅगा काढल्या. मी म्हटलं, एवढ्यात कुठे? ती पलंगावर बसली. कंपनीनं बाबांचं फॅमिली स्टेटस काढलंय, एक मेपासून. नोकरी आहे, पण एकट्यापुरती. मी बाबांच्याच व्हिसावर, त्यामुळे आई आणि मी पुण्याला. बाबांना हे फेब्रुवारीतच कळलं होतं. दुरुस्तीच्या मीटिंगच्या आधी.

"मग तर त्यांनी हात —"

"म्हणून तर नाही केला," आई म्हणाली. "दौलतरावांनंतर दुरुस्तीचा फायदा आपल्याच घराला, तुझं कॉलेज पुण्याला म्हणून. कसा करू, म्हणाले."

रविवार, १४ एप्रिल

बाबा चहा पिताना म्हणाले, एक तारखेपासून मी नियमात बसत नाही, हारुनला आज कळव. मी म्हटलं, तुम्हीच कळवा ना. "सेक्रेटरी तू आहेस," म्हणाले.

कळवलं.