परसातलं वारूळ

शेळगाव,
आषाढ वद्य दशमी

प्रिय प्रयाग,

तुझा निरोप पोचला. वारूळ फोडलेल्या घरात पंचमीला पाऊल टाकणार नाहीस म्हणे. हे पत्र दाजी वाचून दाखवतीलच. दाजी, मोठ्यानं वाचा, एकही ओळ गाळू नका.

होय, मीच फोडलं. पुन्हा उगवलं तर पुन्हा फोडीन. तू एवढीशी होतीस तेव्हा त्या वारुळाशी तुझी लाह्यांची परडी मीच धरायचो, विसरलेलो नाही. पण ते नागाचं घर नव्हेच. बांधते वाळवी, नाग आलाच तर उपरा म्हणून येतो. आपल्या भिंतीवर मातीच्या नळ्या चढल्या होत्या. त्या पुसून काही होत नाही. मधल्या खांबाला अंगठा लावला, तर आत गेला! वर माळवद, खाली तुझी वहिनी अन् पोरं निजतात. मी पूजा करत बसू?

शेतकी खात्याची पत्रकं मी अक्षर लावून लावून वाचली आहेत. नुसतं वरून रॉकेल ओतलं तर राणी खाली अंडी घालत राहते. ती सापडेपर्यंत खणायचं. मी खणत होतो अन् निम्मा गाव कुंपणाशी. गेणबा ओरडला, "सावळ्या, पंचमी बघत न्हाय तू आता!" म्हटलं, "तू बघ म्हंजे झालं." आतून निघाला एक बेडूक. मग राणी निघाली, बोटाएवढी, पांढरीफटक. वाटीत घालून गेणबापुढं धरली, तर गडी पळाला. खड्ड्यात बारामतीहून आणलेली वाळवी मारायची पूड, गॅमेक्सिन, टाकली. नवा खांब मातीत रोवला नाही, दगडावर उभा केला, बुडाला डांबर. तुम्हीही जळण भिंतीला लावून रचू नका.

नंतर मला ताप आला, हे खरं. पावसात भिजलो म्हणून आला, अन् गेला.

एवढं लिहिलं नसतं. गावाला बोलू दे. पण काल सरुआत्या कळंबहून आली. म्हणाली, माझ्या तापाचं ऐकल्यापासून तू एकवेळच जेवतेस, माझ्या आयुष्यासाठी. अन् तुझ्या अंगावर पितं लेकरू. भावाचा उपास पंचमीच्या आदल्या दिवशी, एकच दिवस. त्याला मी कधी नको म्हटलं नाही. हा मात्र मोडायचा, आत्ता. ताट वाढून घे, दाजींनी समोर बसावं. तिजेला मी गाडी जुंपून तुला न्यायला येतो. नाही म्हणालीस तर तुझ्या दारातच बैल सोडून बसेन. मग तुझा भाऊ जिवंत आहे की नाही, ते अख्खं कळंब बघेल.

तुझाच दादा,
सावळाराम