सात रांगांचा पट

मार्लिस,

कॅम्पर गाडीतले दोन्ही बाक झाले, पण मी फळ्या जाड लावल्या. झोपायचा पलंग करायला टेबल त्यांच्या मधे खाली बसतं, ते आता बसेना. "आधी टेबल लावून बघ," असं तू म्हणाली होतीस, आणि मी तुलाच गप्प केलं होतं. मग रागाच्या भरात टेबलच कापलं. तुझ्या बाबांनी त्यावर रंगवलेल्या सोंगट्यांच्या पटाच्या आठ रांगांतली एक रांग गेली.

कापलेली पट्टी बाकाखाली आहे, फेकू नकोस. पातळ फळ्या आणायला डुलुथला जातोय. बाक पुन्हा करीन, पट्टी चिकटवीन. करवतीनं खाल्लं ते मात्र गेलंच.

बाबा पाचला येतील. त्यांनी विचारलं तर नेहमीसारखंच सांग, ऑरिन घरी नाही. निदान आज तुला माझ्यापायी खोटं बोलावं लागणार नाही.

ऑरिन