चार वाक्यांची घरमालकीण

प्रिय निवेदिता,

परवा फोनवर तू म्हणालीस, आता मावशीच्या भूमिका यायला लागल्या, त्यापेक्षा नाटकच सोडते. मी नुसतं हं हं केलं आणि फोन ठेवला. खरं सांगू? राग आला होता. दिग्दर्शकाला दिवाळीनंतर कळवणार आहेस ना, म्हणून आज सगळं बाजूला ठेवून लिहायला बसलेय.

इथे आयर्लंडमध्ये, ट्रली गावात, आमच्या शेजारी गिझेला राहते. जर्मन नटी, पंचाहत्तरी उलटलेली. एका सिनेमाच्या शूटिंगला इकडे केरी परगण्यात आली आणि इथलीच झाली. नाटकात, सिनेमात, टीव्हीवर बाईंनी उभा जन्म नर्सा, विधवा आणि खाष्ट घरमालकिणी केल्या. नायिका एकदाही नाही. जर्मन पर्यटक तिला रस्त्यात थांबवतात. चेहरा ओळखतात, नाव मात्र कुणाला आठवत नाही. मला आधी तिची कीव यायची. ती मजेत सांगते, नायिकांना म्हातारपणाची धास्ती, मला मात्र वय वाढेल तसं काम वाढत गेलं.

गेल्या महिन्यात इथल्या हौशी मंडळाच्या नाटकात तिला चार वाक्यांची घरमालकीण मिळाली. मी कपड्यांच्या इस्त्रीला गेले होते. रंगीत तालमीत बघते तर ही विंगेत बसून बटाटे सोलतेय! आपले हात तुला माहीतच आहेत, पसारा दिसला की शिवशिवतात. ती जरा उठली तशी मी बटाट्यांची बादली उचलली आणि जागा पुसून मोकळी झाले. बाई अशा भडकल्या म्हणून सांगू! म्हणाल्या, "त्या घरमालकिणीचा स्वयंपाक अजून व्हायचाय." मी बादली परत आणून ठेवली. प्रयोगात ती एप्रनला ओले हात पुसत आत शिरली आणि सगळं सभागृह नायिकेला सोडून तिच्याकडे बघत बसलं. मला विंगेत रडू आलं गं.

कॉलेजात तू नायिका आणि मी कायम तुझी मावशी, नाहीतर आत्या. परवा तू त्याला कोपऱ्यातलं काम म्हणालीस, ते लागलं मला. मी जीव ओतून करायचे ते. शैलेंद्रशी लग्न होऊन इकडे आले आणि सुटलं; त्याची आठवण आली नाही असा एक महिना गेला नाही.

तेव्हा ऐक. ती मावशी कर. आत येण्याआधी ती कुठलं काम टाकून आलीय, ते शोध. आणि अगदीच नको असेल तर दिग्दर्शकाला माझं नाव सांग. शैलेंद्रला विचारलंय, तो इथल्या आयरिश लोकांसारखं नुसतं "ग्रँड" म्हणाला, म्हणजे चालेल. लेकीची परीक्षा झाली की मी सहा महिने पुण्यात येऊन राहते. निवे, मला ती भूमिका हवी आहे.

तुझीच,
उर्मिला