न आलेल्या रेल्वेचे स्टेशन

मी, सावळेराम धर्माजी औटी, वय ७४, राहणार राजुरी, तालुका जुन्नर, मोटार रिवाइंडिंगचा कारागीर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत पत्नी ठमाबाई हिची हरकत ऐकून घेतली व फेटाळली.

१. राहते घर व विहिरीजवळचे शेत ठमाबाईचे. तिच्यामागे मुलगा गोरख याचे. बँकेतील ठेव मुलगी वृषालीची.

२. वाइंडिंगचे मशीन व हत्यारे गोरखला. माझ्या टेस्टरने त्याने रंगाचे डबे उघडू नयेत. आजवर तीन वाकवले आहेत.

३. पुढच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवुडवर मी छोटी रेल्वे मांडली आहे. "मानसांना बसाया जागा न्हाई, अन् तुमच्या गाड्या फिरत्यात," असे ठमाबाई बारा वर्षे म्हणते. तिचे खरे आहे. जागा कमी, वळणे आखूड. लांब इंजिन आणले ते पहिल्याच वळणावर पडले. म्हणून खेळण्यातल्या मोटारी घालून चार चाकांची तीन बुटकी इंजिने मी स्वतः बनवली. ती कुठेही वळतात. हा गुण आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणात नाही.

४. ही सर्व रेल्वे धाकटा भाऊ सोमाजी याला. कारण लिहितो. आमच्या भागात रेल्वे येणार अशी बोलवा उठली, तेव्हा स्टेशन ओढ्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला होणार असे मी म्हणालो. तो म्हणाला पलीकडे, त्याच्या बाजूला. रेल्वे काही आली नाही. आमचे बोलणे मात्र त्या दिवसापासून बंद. त्याला खोटे पाडायलाच मी प्लायवुडवर आपला ओढा व त्याचे दोन्ही काठ जसेच्या तसे करून हा खटाटोप मांडला. पण माझ्या बाजूचे स्टेशन वळणावर येते आणि गाडीचा शेवटचा डबा तिथेच घसरतो. रूळ सात वेळा बदलले. गेल्या महिन्यात स्टेशन उचलून ओढ्यापलीकडे ठेवले, त्याच्या नावाची पाटी लावली. डबा घसरला नाही. सोमाजीचे बरोबर होते. हे लिहिताना जड गेले, लिहून झाल्यावर बरे वाटले. मला त्याची फार आठवण येते.

५. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. कलम ४ ला तेवढा धीर नाही; ते आजपासून लागू. उद्या संक्रांत आहे. साक्षीदार गेणूने हा कागद आजच सोमाजीला वाचायला नेऊन द्यावा.

सही: सावळेराम धर्माजी औटी
साक्षीदार: १. गेणू सोनबा हाडवळे, शेजारी
२. चिमाबाई गेणू हाडवळे
राजुरी, १३ जानेवारी २०२५

(खाली, वेगळ्या अक्षरात)
दादा, पाटी वाकडी बसलीय. डेअरीत दूध घालाया जाताना रोज खिडकीतून बघतोय. उद्या येतो. पर गाडी मीच चालवनार.
— सोमाजी