स्पेशलबाईंच्या जागी मी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ
आजपासून स्पेशलबाई बंद. त्यांच्या जागी मी. फोनशी बोललं की तो लिहून घेतो, म्हणून नोंद ठेवायचं ठरवलंय. मला लिहिता-वाचता येत नाही. पण हे वाचायचंय कोणाला?

नात ठकी आठ वर्षांची. ऐकते, समजते, बोलत नाही. फार झालं की स्वतःचं मनगट चावते. तिला सांभाळायला स्पेशलबाई यायच्या आणि सुनेचा अख्खा पगार घेऊन जायच्या. साधं मूल सांभाळायचा दर वेगळा, ठकीसारख्याचा तिप्पट. स्पेशल चहात निदान दूध तरी जास्त असतं. बाईंच्यात काय जास्त होतं, ते मला तीन वर्षांत दिसलं नाही.

सून म्हणाली, आई, पंधरा दिवस बघू. नाही जमलं तर मी दुकान सोडते. ती चष्म्याच्या दुकानात आहे. नोकरीवर जीव आहे तिचा. मी म्हटलं, चार पोरं वाढवलीत, त्यातला एक तुझा नवराच आहे. तिनं नवऱ्याकडे एकदा बघितलं. कौतुक वाटलं असणार.

३ फेब्रुवारी, दुपार
ठकीची बारा कार्डं. प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली, प्रत्येकावर एक शब्द. ठकीला वाचता येतं. जे हवं ते कार्ड ती हातात देते. बाईंनी शिकवलं. (एवढ्या पैशात मीसुद्धा शिकले असते.) माझ्यासाठी सुनेनं रविवारभर बसून कार्डांवर स्केचपेननं रंगीत ठिपके काढले. निळा पाणी, हिरवा संडास, पिवळा केळं, लाल दुखतंय, असे बारा. मला तासाभरात पाठ.

४ फेब्रुवारी, मंगळवार
निळा आला, पाणी दिलं. हिरवा आला, नेऊन आणलं. एवढंच काम. ह्याला म्हणे दोन वर्षांचा कोर्स असतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कार्डं कसली मळलेली. बाईंना स्वच्छतेचं शिक्षण नसावं. साबण लावून खसाखसा धुतली. आरशासारखी चकचकीत झाली. ठिपकेही गेले.

काही बिघडत नाही. मला पाठ आहेत. सुनेला सांगितलं नाही, तिचा रविवार गेला होता. संध्याकाळी घाईत असते, बघत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आता खुणेनं ओळखते. कोपरा दुमडलेलं म्हणजे केळं. आज ते सात वेळा आलं. सात केळी. शेवटची दोन तोंड धरून भरवावी लागली. मागायचं आणि मग नखरे करायचे, हे बापावर गेलंय. सुनेला म्हटलं, तुझ्या हातचं खात नव्हती, बघ. सून भांडी घासायला वळली. सुनांना असं ऐकायला जड जातं.

१० फेब्रुवारी, सोमवार
महत्त्वाची गोष्ट. मी जवळ गेले की ठकी दर वेळी एकच कार्ड देते. केस विंचरायला घेतले, दिलं. मांडीवर ओढली, दिलं. भरवताना तर माझ्या तोंडावरच दाबलं. विचार केला, दुसरं काय असणार? त्यावर ‘आजी’ लिहिलंय. सुनेनं सांगितलेल्या बारांत आजी नव्हती, पण सांगायची राहिली असेल. किंवा सांगायची नसेल.

ते कार्ड स्वेटरला पिन लावून छातीवर लावलं. खाली दूध आणायला गेले तर वॉचमन वाचून हसला. म्हणाला, आजी, विचारायच्या आधीच उत्तर? मीही हसले. दुपारी पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा दारात आला, छातीकडे बघितलं आणि तोंड न उघडता परत गेला. नातीच्या मायेचा केवढा दरारा.

सून यायच्या आत काढून ठेवते. तिला वाईट वाटेल. तिच्या नावाचं कार्ड नाही ना.

११ फेब्रुवारी, मंगळवार
केळं नऊ वेळा. मनगट चावणं वाढलंय. मधूनमधून फ्रिजला डोकं टेकून उभी राहते. आणखी केळी हवीत, दुसरं काय. स्पेशलबाईंना ही भाषा कळली नसती.

१२ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी ठकीच्या उशीवर पिवळं काहीतरी. केळंच असणार म्हणून पुसलं. परत आलं. कानातून येत होतं. सुनेला फोन केला. ती दुकानातून तशीच धावत आली. गडबडीत स्वेटरवरचं कार्ड काढायचं राहिलं.

डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, पाच-सहा दिवस तरी दुखत असेल, सांगितलं नाही का हिनं? सुनेनं पिशवीतून कार्डं काढली. कोपरा दुमडलेलं हातात घेऊन मोठ्यानं वाचलं. दुखतंय.

मग माझ्या छातीकडे बघितलं. तेही वाचलं. नको.

डॉक्टरांच्या कंपाउंडरनं खोकल्याचं निमित्त केलं.

कार्ड छापणाऱ्यानं कोपरे नीट करायला नकोत का?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सुनेनं स्पेशलबाईंना फोन केला. त्यांना दुसरं घर मिळालं, जास्त पैशांचं. दुसऱ्या दोघी म्हणाल्या, यादीत नाव घालतो, आठ महिने. ठकीचा तो कान आता कितपत ऐकेल, ते डॉक्टर महिन्यानं सांगणार. मी म्हटलं, दुसरा आहे ना. मुलगा म्हणाला, आई, तू आत जा. लिफ्ट दुरुस्त करतो तो, माणसांशी बोलायची सवय नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सुनेनं दुकान सोडलं. डब्याची पिशवी, चहाचा मग आणि खुर्चीवरची उशी घेऊन दुपारीच घरी आली. मालकानं कारण लिहून मागितलं होतं. तिनं लिहिलं, घरी दोन माणसं सांभाळायची आहेत.

मी मोजलं. एक ठकी. दुसरा माझा मुलगा असणार, त्याला अजून स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

आत्ता सुनेनं माझ्यासमोर दुधाचा पेला ठेवला. संपेपर्यंत उभी राहिली. मग माझं तोंड पुसलं.