मोडला तर तुकडा माझा

माय, मला चौथीपतोर आलं तेवढंच लिवता येतं, अन् तुला तर तेवढं बी वाचता येत नव्हतं. तवा हे कशाला लिवून राहिले ते माझं मलाच कळंना. दुपार हाय. लेकरू आत्ताच झोपलं. पाळन्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली, ती हालवत लिवते. आज सकाळी मी धरनावरच्या कालनीत केक पालथा केला. तोच बंगला, तोच मागचा वऱ्हांडा, अन् पत्र्याचा तोच मोठा चौकोनी ट्रे. ताईनं, बाईसायबाच्या लेकीनं, तो माहेरून आनलाय. कोपऱ्याला पोचा हाय, तुझ्या हातून पडला होता तवाचा.

तू कामाला जायची त्या घरात बाईसायबाच्या सासूला अंडं चालत नव्हतं. सैपाकघरात टरफल बी नको. म्हनून ताईचा वाढदिवस आला की केकाचा सगळा पसारा मागच्या वऱ्हांड्यात यायचा, तुझ्या गळ्यात. खाली शेगडी, तिच्यावर वाळूचं घमेलं, वाळूत ट्रे, अन् वरच्या झाकनावर निखारे. मी पायरीवर बसायची. वर यायचं न्हाई, हे तूच बजावलेलं. मला नुसती तुझी पाठ दिसायची, अन् त्या पाठीला टेकून बसलेली ताई. लाल रिबिनीच्या दोन येन्या. तिचे हात तुझ्या गळ्यात, तोंडात मावशी मावशी. मला वाटायचं, माय माझी, पाठ माझ्या मायची, तिथं हिचं काय काम. बाईसायब दारातून म्हनायच्या, "मोडू देऊ नकोस हं, पाहुणे यायचेत." अन् मी पायरीवर मनातल्या मनात म्हनायची, मोडू दे. मोडला तर तुकडा माझा. पाव्हन्याला कोन मोडका देतंय. पर सालोसाल तू तो अखंड काढला. लोक तुझ्या हाताचं नाव घ्यायचे अन् मी उपाशी तोंडानं तुझ्या हातावर जळायची.

घरी आली की तू पदरातून ट्रेच्या तळाचा कागद काढायची. त्याला केकाची साल चिकटलेली असायची. मी कागद फाटंपतोर चाटायची, अन् तू भाकरी थापता थापता ताईचं सुरू करायची. ताईनं आज दूध पिलं न्हाई. ताईला फ्राक आला. ताई झोपंत हासती. एकदा मी म्हनलं, "मंग तिलाच आन की घरी. मी जाते तिकडं." तू हासली अन् मला घागर घेऊन पान्याला धाडलं. मंग तू तापानं गेली. तुला न्यायच्या वक्ताला ताई आली होती बाईसायबाचा हात धरून, अन् एवढी रडली, एवढी रडली की आपल्या गल्लीतल्या बाया तिलाच पोटाशी धरू लागल्या. मी भिताडाला उभी. त्या दिवशी सुदिक माझी माय तिनंच नेली, असं मला वाटलं.

आता ताईचा नवरा त्याच बंगल्यात सायब होऊन आलाय अन् मी तिथं भांडे घासाया जाते. ताई वाईट न्हाई. चहा देती, हाल इचारती. ती वाईट असती तर बरं झालं असतं.

अन् मला पोरगी झाली, माय. तुला सांगायचं ऱ्हायलं. बाळंतपनाला जायला माहेर न्हाई, म्हनून हितंच झाले. पहिल्या आठवड्यात मी लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालून राहिले, पोट धुऊन झालं, पाठ धुवाया पालथं कराया गेले, अन् तेलाच्या हातातून निसटलं. लागलं न्हाई. पर ते रडलंच न्हाई येळभर, नुसतं माझ्याकडं बघितलं. तवापून शेजारची म्हातारी न्हाऊ घालती अन् मी लांबून पानी वतते. म्हातारी उद्या लेकीकडं पुसेगावला चालली. रोज म्हनती, "काहून एवढी भेती गं? तुझ्या मायनं तुला न्हाऊच घातलं न्हाई व्हय?" मला काय म्हाईत तू कसं केलं. ते कोनाला आठवत असतंय. अन् ज्याला आठवंल ते मानूस म्हंजे तू, ते तर तू नेलं संगं. गेल्या चार रोजापून मला झोप न्हाई. सपनात लेकरू निसटतंय, अन् मी हात पुढं करायच्या आत जाग येती.

आज ताईच्या पोराचा वाढदिवस. केक ताईनंच कालवला, मी निखारे घातले. वास सुटला तसा ताई खुर्ची घेऊन बसली. तिला सातवा चालू हाय. म्हनली, "काढायचं काम तुझं. मला आता पाय पसरून बसवत नाही."

"पाय पसरून?" मी म्हनलं.

"अगं, मावशी तशीच काढायच्या ना! तू तर पायरीवरच असायचीस. बघितलं नाहीस कधी?"

काय सांगू तिला. मला नुसती तुझी पाठ दिसायची म्हनून? मी खाली बसले, पाय लांब केले. ताई सांगत गेली. ट्रेखाली ओला फडका ठेव. गडबड करू नको. कान लाव, आतली सूं सूं थांबू दे. मंग कडंनं सुरी फिरव. वर धुतलेलं धोतर अंथर, त्याच्यावर पाट ठेव. आता ट्रे नडगीवर घे, पाय जवळ. मी एकएक करत गेले. माझी माय, अन् माझ्या मायचा हात मला तिच्या तोंडून शिकायची पाळी. घाम नाकावरून गळून राहिला होता, अन् तो निखाऱ्याचा नव्हता.

"आता एक हात छातीखाली," ताई म्हनली अन् हासाया लागली. "मावशी असंच म्हणायच्या. एक हात छातीखाली, एक पाठीवर, अन् सोताच्या हाताला भ्यायचं न्हाई. मी विचारायचे, मावशी, केकाला कुठली छाती? तर म्हणायच्या, 'माझी पोरगी म्या रोज अशीच पालथी केली. एक डाव बी निसटू दिली न्हाई. मंग ह्यो केक काय चीज हाय?'"

माझे हात तितंच थांबले. ट्रे नडगीला चटके देऊन राहिला. तुला खोटं सांगत न्हाई, त्या टायमाला बी एक डाव मनात आलं, मोडू दे. एक अंगठा ढिला सोडला असता तर बास होतं. संध्याकाळी ताईचं तोंड बघाया भेटलं असतं. पर हात माझं ऐकंनात. एक खाली गेला, एक वर दाबला, अन् ट्रे पालथा झाला. ताईनं बुडाला दोन थापा मारल्या. ट्रे उचलला. कागद सोलला. आख्खा निघाला माय, चारी कोपऱ्यासगट. कागदाला चिमूटभर सुदिक लागलं नव्हतं.

घरी आले अन् म्हातारीला म्हनलं, आज पानी तू वत. भीती गेली नव्हती. पर पाय पसरले, लेकराला घेतलं, छातीखाली हात घातला अन् पालथं केलं. लई रडलं. निसटलं न्हाई. म्हातारी तांब्या धरून बघतच ऱ्हायली. "कोनी शिकवलं गं?" म्हनली. मी म्हनलं, "मायनं."

म्हंजे केकाच्या आधी मी होते. तू माझ्यावर शिकली अन् मंग त्याला काढलं. हे तू मला काहून सांगितलं न्हाई? भाकरी थापताना एक दिवस माझ्याकडं बघून सांगितलं असतं तर तुझं काय गेलं असतं? माझं तू तिला सांगायची अन् तिचं मला. आता माझ्यावरची ती गोष्ट एवढी वर्सं तिच्यापाशी व्हती, मला सांगताना ती हासत व्हती, अन् ती बी मला तिच्याकडूनच घ्यावी लागली. मला आनंद झाला अन् अंगाला आग लागल्यावानी बी झालं. दोन्ही एकाच येळंला.

सकाळी बंगल्यावरून निघाले तवा ताई पोट सावरत दारापतोर आली. चौकटीला हात टेकला. मंग म्हनली, "मावशी घरी कधी माझं नाव काढायच्या का गं?"

मी पायात चप्पल सरकवून राहिले होते. वर न बघताच म्हनलं, "न्हाई ताई. कदीच न्हाई."

"असू दे," म्हनली अन् आत गेली.

उद्या भांडे घासाया जायचंच हाय. पर तिला खरं सांगनार न्हाई. तेवढं माझ्यापाशी राहू दे, माय.