तळखोलीतली चिमणी

३ एप्रिल १९७९, कारधा
आलो एकदाचा! खिडकीतून वैनगंगा दिसते, खाली सोड्याचा छोटासा कारखाना, आणि त्याचा मॅनेजर मी. मशीन चालवणारे तेजराम जुने, तिरसट, पण कामाला चोख. त्यांची बायको रत्नाबाई बाटल्या धुतात. सोड्यात भरायच्या द्रवरूप कार्बन डायऑक्साइड गॅसचे सिलिंडर उन्हाने तापू नयेत म्हणून सात पायऱ्या खालच्या तळखोलीत ठेवतात. उतरण्याआधी तेजराम रॉकेलची पेटती चिमणी दोरीने खाली सोडतात, जुन्या विहिरीत सोडतात तशी. मला हसू आलं. ते म्हणाले, "गॅस जड रायते साहेब, खाली बसते. चिमनी इझली का मानसानं मांगं फिरावं." त्या चिमणीत रोज सकाळी तेल भरायचं काम रत्नाबाईंचं.

८ मे, सकाळ
लग्नसराई आहे, भंडाऱ्याहून बाटल्यांसाठी तगादा लागलाय. आणि हे महाराज दर खेपेला चिमणी सोडून दहा मिनिटं वाट बघणार! तळखोलीत विजेचा बल्ब लावून घेतला. नुकतीच भरलेली चिमणी तेजरामांच्या हातातून काढून माझ्या कपाटात कुलूपबंद केली.

८ मे, संध्याकाळ
तेजराम गेले. दुपारी एका सिलिंडरचा वॉल्व्ह फुसफुसत होता, तो आवळायला एकटेच उतरले. सिलिंडरला टेकून बसलेले सापडले. डोक्यावर बल्ब लख्ख जळत होता. पोलीस यायच्या आत मी कपाटातून चिमणी काढली, तेल शेडमागे ओतलं आणि रिकामी चिमणी पायरीवर ठेवली. पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं, चिमणीत तेल नव्हतं म्हणून.

१३ मे
सासूने रत्नाबाईंना चारचौघांत बोल लावला, हिच्या आळसाने माझा पोरगा गेला. त्या माझ्याकडे आल्या. "भरलं होतं वाटते साहेब. का नोयतं भरलं? मले आठवूनच नाही राह्यलं." मी मान खाली घातली. शरम वाटते स्वतःची.

१५ मे
आठ तारखेचं पान फाडलं. फरशीवर ठेवून काडी लावली. विझली. पेटीतल्या सगळ्या काड्या विझल्या. वारा अजिबात नाही. उभा राहून ओढली की पेटते, खाली नेली की विझते. पान परत वहीत ठेवलं.

१७ मे
स्टोव्ह पेटत नाही. खुर्चीवरची उदबत्ती काल जळत होती, आज नाही. गुडघ्यांच्या वर आलंय. माझ्या खोलीत सिलिंडर नाही. एकही नाही.

१८ मे, दुपार
तीच चिमणी भरून टेबलावर ठेवली आहे. रत्नाबाईंना निरोप धाडलाय. तोंडावर सांगणार, सगळं.
ज्योत बुटकी होतेय — फुसफुस कुठून — दाराशी जावं तर पाय —
विझली.
बल्ब लख्ख आहे.
त्या येईपर्यंत निदान लिहून —
रत्नाबाई, त्या सकाळी चिमणीत तेल तुम्ही